स्वयंपाकघरातला पाऊस

नमस्कार, श्रोतेहो. आज बेंजामिन ब्रिटन. विसाव्या शतकातला इंग्लंडचा मोठा संगीतकार. त्याचं चरित्र मी भरभर सांगणार आहे, कारण मला एक गोष्ट सांगायची आहे आणि वेळ मोजकाच आहे.

जन्म १९१३चा, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्ट गावात. वडील दातांचे डॉक्टर, आई हौशी गायिका. पोरानं संगीतकारच व्हायचं हे आईनं मनावर घेतलेलं. ब्रिटन युद्धाच्या विरोधात होता. १९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला आणि युद्ध चालू असतानाच, १९४२ मध्ये, परत आला. १९४५च्या जूनमध्ये लंडनला त्याचा ‘पीटर ग्राइम्स’ हा ऑपेरा झाला. गाव ज्याच्यावर उठलंय अशा एका कोळ्याची ती गोष्ट, आणि एका रात्रीत ब्रिटनचं नाव झालं. मग त्यानं काय केलं? तो लंडनला चिकटून बसला नाही. ऑल्डबरा नावाच्या समुद्रकाठच्या लहानशा गावात राहिला आणि १९४८ मध्ये तिथंच संगीत महोत्सव सुरू केला. सोबत पीटर पिअर्स, गायक आणि त्याचा आयुष्याचा जोडीदार. ‘वॉर रिक्विएम’, युद्धात गेलेल्यांसाठीची त्याची मोठी रचना, १९६२ची, पण तिला वेगळा भाग हवा. आज नको.

आज पाऊस.

नोआ आणि महापुराची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. आपल्याकडे मनू आणि मासा, तिकडे नोआ आणि त्याचं तारू. इंग्लंडमधल्या चेस्टर शहरात शेकडो वर्षांपूर्वी कारागीर मंडळी बायबलमधली नाटकं करत. त्यातलं नोआचं नाटक ब्रिटननं घेतलं आणि ठरवलं, हे देवळात करायचं, म्हणजे चर्चमध्ये, आणि मुलांनी करायचं. नोआ आणि त्याची बायको मोठी माणसं. देवाचा आवाजही मोठ्याचा. बाकी जनावरं, पक्षी, नोआची मुलं-सुना, सगळी पोरंसोरं. वादकांतही बहुतेक मुलंच. ज्यांनी परवा व्हायोलिन हातात धरलंय त्यांच्यासाठीसुद्धा ब्रिटननं ओळ लिहिली, बरीचशी नुसत्या मोकळ्या तारांवरची. बोट चुकायला जागाच नाही!

आता अडचण आली ती पावसाची. वादळ सोपं असतं हो. झांजा आहेत, ढोल आहेत. पण वादळाआधीचे ते पहिले थेंब? टप… टप… मग जरा थांबून पुन्हा टप. ते कशानं वाजवायचे? आणि तेही मुलाला वाजवता येईल असे?

ब्रिटनच्या मदतीला होती इमोजेन होल्स्ट. ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरची वाद्यरचना लिहिणाऱ्या संगीतकार गुस्ताव होल्स्टची मुलगी. (हा गुस्ताव होल्स्ट संस्कृत शिकला होता आणि त्यानं महाभारतातल्या सावित्रीवर ऑपेरा लिहिला. स्वतः इमोजेन १९५०-५१ मध्ये शांतिनिकेतनात येऊन आपलं संगीत शिकून गेली. आपल्याकडे हे फार कमी जणांना माहीत आहे, याचं मला दरवेळी वाईट वाटतं.) तर, या बाईंनी युद्धाच्या काळात खेड्यांतल्या महिला मंडळांना ताल शिकवलेला. वाद्यं कुठली असणार? घरात जे असेल ते वाजवायचं. ब्रिटननं पावसाचं दुखणं सांगितलं, तशी ती त्याला सरळ आपल्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. दोरीवर ओळीनं चिनी मातीचे मग लटकवले, मोठा लाकडी चमचा घेतला आणि दाखवलं वाजवून.

मग, श्रोतेहो, चहाचे मग. दोरीला कानानं लटकवलेले, आणि लाकडी चमचा. जाड मगाचा सूर वेगळा, पातळाचा वेगळा, लहानाचा चढा. तडा गेलेला नुसता बद्द वाजतो. तो काढून टाकायचा.

ब्रिटननं ते जसंच्या तसं उचललं. छापील स्वरलिपीत वाद्यांच्या यादीत मग आहेत! वादळ सुरू होताना पियानोबरोबर मगांचे थेंब पडतात. मग बासऱ्यांतून वारा सुटतो, तंतुवाद्यांच्या लाटा येतात, ढग गडगडतात, आणि खाली एकच सुरावट पुन्हा पुन्हा फिरत राहते. वादळ अगदी भरात असताना समोर बसलेले प्रेक्षकही उठून खलाशांची प्रार्थना गातात. तिकीट काढून आलेले लोक! त्यांनाही कामाला लावलंय. मग वादळ ओसरतं आणि शेवटी उरतात पुन्हा मग.

पहिला प्रयोग १८ जून १९५८ला, ऑल्डबराजवळच्या ऑरफर्डच्या चर्चमध्ये. पाचच वर्षांपूर्वी, १९५३च्या जानेवारीअखेर, याच किनाऱ्यावर समुद्र चढला होता आणि ब्रिटनच्या घरातही पाणी शिरलं होतं. त्या लोकांना महापूर म्हणजे काय हे समजावून सांगावं लागलं नसेल.

आता माझं एक दुखणं. आपल्या शाळांच्या गॅदरिंगला मुलं नाचतात कशावर? पेन ड्राइव्हवर! मोठाले स्पीकर, तेच सिनेमातलं गाणं, आणि पेटी-तबला शिकणारी पोरं खाली बसून टाळ्या वाजवतात. त्यांना वर बोलवा की. चुकतील. चुकू द्या.

आणि स्पीकरवरून आठवलं. १९६४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅस्पेनला एक मोठं पारितोषिक घेताना ब्रिटननं भाषण केलं. त्यात तो म्हणाला, की लाउडस्पीकर हा संगीताचा मुख्य शत्रू आहे. संगीत ऐकायला माणसानं तयारी करावी, घरातून निघावं, वाट चालावी. आपलं संगीत लोकांच्या उपयोगी पडावं, हेही त्यानं तिथंच सांगितलं. हे सगळं मी तुम्हाला लाउडस्पीकरमधूनच सांगतोय, त्याला माझा इलाज नाही.

१९७६ मध्ये तो गेला. ऑल्डबराच्या चर्चच्या आवारात त्याची कबर आहे, आणि इमोजेनचीही, त्याच्या जवळच.

तर आता ते वादळ ऐकू या. सुरुवात फार हळू आहे. पंखा बंद करा, आवाज थोडा वाढवा, आणि चहाचे मग ओळखता येतात का बघा.