कल्हई: कांडी कथलाची की शिशाची?

[दृश्य: कोळशाची भट्टी, भाता, आतून लाल पडलेली तांब्याची डेग]

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात लग्नाचा, जत्रेचा मोठा स्वयंपाक अजून बऱ्याच ठिकाणी पितळी पातेल्यांत नि तांब्याच्या डेगांत शिजतो. आत कल्हई, म्हणजे कथलाचा (टिनचा) पातळ थर, नसेल तर कढी, चिंचेचं सार हमखास कळकतं. आंबटानं तांबं सुटतं आणि खाणाऱ्याला मळमळतं, उलट्या होतात.

आधी चिंच-वाळूनं घासणं. इथं घाई नको. ओशटपणा राहील तिथं कथील धरत नाही, काळा डाग तसाच राहतो.

[दृश्य: सांडशीत फिरणारं भांडं]

कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १०८५ला. म्हणजे भांड्याला धोका नाही, जपायचं कथलाला. कांडी टेकताच पाझरली की आच बरोबर. आता नवसागराची (अमोनियम क्लोराइडची) पूड. तापल्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटतात, तांब्यावरची काळी पुटं निघतात. धूर घशाला झोंबतो, म्हणून हे काम उघड्यावरच. लगेच कापसाच्या बोळ्यानं कथील चौफेर फिरवायचं. काही ग्रॅम पुरतात. हात रेंगाळला तर थेंब गोठतात. आच चढली तर पिवळट झाक येते, कथील तांब्यात मुरतं आणि थर करडा पडतो.

[दृश्य: युरोपातले जुने प्यूटरचे पेले, मग कथलाच्या कांड्या]

युरोपातल्या प्यूटरच्या ताटल्या-पेल्यांतही मुख्य धातू कथीलच. कडकपणासाठी थोडं तांबं, अँटिमनी. स्वस्त मालात मात्र शिसं घालत आणि आंबट पदार्थांत ते उतरे. कल्हईतही भेसळ हीच. ६३ भाग कथील, ३७ भाग शिसं हे मिश्रण १८३ अंशांनाच वितळतं, भराभर पसरतं, चकाकतंही. रेडिओच्या तारा जोडायला उत्तम. आमटीच्या पातेल्यात त्याला जागा नाही.

कांडी कानाजवळ वाकवा. शुद्ध कथील करकरतं. शिसं जास्त असेल तर आवाज येत नाही, कागदावर घासल्यास करडी रेघ उमटते. थोडी भेसळ मात्र अशी सापडत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच.

[दृश्य: चकचकीत पातेलं]

कल्हईचं भांडं रिकामं तापवू नये, त्यात फोडणीही नको: तेल २३२च्या आसपास सहज जातं. घासायला तारेची घासणी नको. तांबं दिसू लागलं की पुन्हा कल्हई. आणि नव्या कल्हईत पहिल्यांदा नुसतं पाणी उकळून ओतून द्यावं, नवसागराचा खारटपणा जातो.