तेरची पांढर

(तेरणेचं पात्र, पहाट. गोरोबाकाकांच्या देवळाची घंटा.)

ही तेरणा. आणि हे तिच्या काठावरचं तेर, धाराशिव जिल्ह्यातलं. वारकऱ्यांसाठी हे गोरोबाकाकांचं गाव. चिखल तुडवता तुडवता विठ्ठलाचं नाव घेणाऱ्या संताचं. पण या गावाचं आणि मातीचं नातं गोरोबाकाकांच्याही आधी हजार-बाराशे वर्षं जुनं आहे.

(रस्त्यावरून जाणारी बैलगाडी.)

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या दर्यावर्द्यानं प्रवासवही लिहिली. तिचं नाव पेरिप्लस. लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असं तो सांगतो. तगरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून, धड वाटही नसलेल्या मुलखातून भडोचला येते, हेही त्यानं नोंदवलंय. ते तगर म्हणजेच हे तेर. १९०१ साली पुराभिलेखांचे ब्रिटिश अभ्यासक जे. एफ. फ्लीट यांनी ही ओळख पटवली.

कापड कुजून गेलं. माती राहिली.

(संग्रहालय. काचेच्या कपाटांवरून सरकणारा कॅमेरा.)

कपाटांतल्या या वस्तू जपणारा माणूस पुरातत्त्व शिकलेला नव्हता. रामलिंगप्पा लामतुरे हे गावातलेच व्यापारी. पावसानं जमीन धुतली की इथे मणी, शिक्के, खापरं वर येतात. लोक त्यावरून चालत जायचे, लामतुरे ती उचलून ठेवायचे. आज त्यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात तेवीस हजारांहून जास्त वस्तू आहेत. तेरवर पुढे जे काही लिहिलं गेलं, त्यात या माणसाच्या वेडाचा वाटा फार मोठा आहे, आणि तो पुरेसा सांगितला जात नाही.

(केओलिनची मूर्ती, अगदी जवळून. मूर्ती हळूहळू वळते.)

ही मूर्ती नीट पाहा. केओलिनची आहे, म्हणजे पांढऱ्या, मऊसूत मातीची. आता कानामागून खाली येणारी ही बारीक रेघ बघा. हा सांधा आहे.

मातीचा गोळा एकाच साच्यात दाबला, की मूर्तीला समोरून चेहरा येतो आणि पाठ सपाट राहते. तेरच्या कारागिरानं इथे दोन साचे वापरलेत, एक पुढचा, एक मागचा. दोन्हींत मातीची पातळ पोळी बोटांनी दाबून बसवायची. जरा सुकून ती साच्याच्या कडा सोडू लागली, की पाण्यात कालवलेली माती काठांना लावून दोन्ही अर्धी एकमेकांना चिकटवायची. वरून सांधा बोटानं पुसून घ्यायचा. मग आवा, म्हणजे कुंभाराची भट्टी. आत पोकळी असल्यानं मूर्ती हलकी होते, भाजताना तडकत नाही, आणि मागून पाहिली तरी तिला वेणी असते, पाठ असते. एका साच्यातून अशा कितीतरी मूर्ती निघतात.

जुळ्या साच्याची ही रीत रोमन जगातून आली असं अनेक अभ्यासक मानतात. रीत बाहेरची असेल. पण चेहरा इथला, केशरचना इथली, कानातलं जड कुंडलही इथलंच.

(मातीची नाणी. तळहातावर.)

आणि हे रोमन नाणं. मातीचं! वर दोरा ओवायला भोक. दूरदेशीच्या राजाचा मुखवटा इथे कुणीतरी गळ्यात घातला. पुतळ्यांची माळ घालणाऱ्या आपल्या आज्यांना हे चटकन कळलं असतं.

(हस्तिदंती स्त्री. प्रकाश एका बाजूनं.)

उलट दिशेनंही माल गेला. ही तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्री. अशीच एक, दागिन्यांनी मढलेली, १९३८ साली इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात निघाली आणि आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि ते शहर राखेखाली गेलं. म्हणजे त्याआधीच ती तिथे पोचली होती. तिच्यावर खरोष्ठी, म्हणजे वायव्येकडच्या जुन्या लिपीतलं, अक्षर कोरलेलं असल्यानं काहीजण तिचं माहेर वायव्येत शोधतात. पण जालन्याच्या भोकरदनलाही याच घडणीचा हस्तिदंती तुकडा मिळालाय. तेर आणि भोकरदन शेजारी ठेवून पाहिलं, की आमचं मन दख्खनकडेच झुकतं.

(टेकाड. ट्रॅक्टरची ट्रॉली.)

गावोगावच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपण पांढर म्हणतो. तिची माती खत म्हणून शेतात जाते, आणि खापरंही तिच्यासोबत जातात.

(पुन्हा मूर्ती. फुटक्या बाजूनं आत जाणारा कॅमेरा.)

ही आतली बाजू. इथे कुणी हात फिरवून गुळगुळीत केलेलं नाही. माती दाबणारी बोटं जिथे थांबली, तिथे हे खळगे आहेत.