वजन अडलं की आधी वही उघडा

नमस्कार मंडळी, शनिवारी संध्याकाळी सिंहगड रोडचं ट्रॅफिक पार करून एवढे जण आलात, खरंच बरं वाटलं.

मला जिममधे सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, की सर दीड महिना झाला स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठबस, 80 किलोवरच अडलाय, प्रोग्रॅम बदलू का. आणि विचारेपर्यंत बऱ्याच जणांनी बदललेला पण असतो, स्क्वॉटच्या जागी लेग प्रेस, बेंचच्या, म्हणजे आडवं पडून बार वर ढकलण्याच्या, जागी डंबेल, सगळंच नवीन. मग दोन-तीन आठवडे वजनं पटापट चढतात, कारण शरीर ती नवी हालचाल शिकत असतं, वाटतं सुटलो एकदाचे, आणि परत स्क्वॉटला उभं राहिलं की तेच 80. व्यायाम बदलण्याची एवढी घाई करू नका हो, मनापासून सांगतोय.

आधी वही, म्हणजे रोज किती वजन किती वेळा उचललं ते लिहितो ती. आमच्याकडे एक मुलगा आहे, जुलैमधे त्याचं बेंच 60 वर अडलं, पाचचे तीन सेट, म्हणजे सलग पाच वेळा उचलायचं असं तीनदा, व्हायचे ते 5, 4, 3 वर आले. मी वही मागितली तर सोमवारचे आकडे बरे आणि बुधवार-शुक्रवारचे पडलेले, दर आठवड्याला तसंच. म्हटलं बाळा संध्याकाळी करतोस काय, तर म्हणे पथकात आहे, सोमवारपासून रोज अडीच तास नदीकाठी ढोलाचा सराव, रविवारी सुट्टी. आता कमरेला ढोल बांधून एका हातात टिपरू घेऊन अडीच तास वाजवायचं म्हणजे खांदे, पाठ, मनगटं सगळी कामाला लागतात, ती मेहनतच आहे, फक्त वहीत लिहिलेली नाही. त्याचा प्रोग्रॅम आम्ही बदललाच नाही. वजन 60 च ठेवलं, तीनाचे दोन सेट केले, शोल्डर प्रेस विसर्जनापर्यंत बंद. विसर्जनानंतर आठवडाभर आराम आणि तिसऱ्या आठवड्यात 62.5 चे पाच रेप्स झाले, वहीत त्याने त्या आकड्याभोवती लाल पेनाने गोल केलाय.

पण झोप नीट आहे, जेवणात प्रोटीन आहे, ढोलबिल काही नाही आणि तरी अडलंय, तेव्हा मात्र प्रोग्रॅमला हात घालायचा. वजन हळूहळू चढवत न्यायचं हे तत्त्व जुनंच आहे, अमेरिकन लष्करातले डॉ. थॉमस डीलॉर्म जखमी सैनिकांचे पाय असेच बळकट करायचे, 1945 मधे त्यांनी ते लिहून छापलं. प्रश्न असतो वेगाचा. नवखा माणूस 48 तासांत सावरतो म्हणून तो दर वेळी 2.5 किलो चढवू शकतो, पण ताकद वाढली की शरीराला आणखी वाढायला भाग पाडण्याएवढं काम केलं की तो थकवा दोन दिवसांत भरून निघत नाही. मग वाढ आठवड्यातून एकदा.

समजा 80 किलोचे पाचाचे तीन सेट अडलेत, म्हणजे रोजचं 1200 किलोचं काम. सोमवारी वजन उतरवून 72.5 करा आणि पाचाचे पाच सेट मारा, हे झालं 1812 किलोच्या वर. बुधवारी फक्त 57.5 चे दोन सेट, आणि त्या दिवशी हात शिवशिवले तरी जास्त लावायचं नाही, हा दिवस सावरण्यासाठीच आहे, पोरं नेमका हाच बिघडवतात. शुक्रवारी वॉर्म-अपनंतर पाचाचा एकच सेट, 80 पेक्षा थोडा वर. याला टेक्सास मेथड म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल.

थोडा वर म्हणजे किती, तर बेंचवाल्यांनी हे नीट ऐका. 1.25 ची जोडी लावली की 2.5 किलो वाढतात, 100 च्या स्क्वॉटला ते अडीच टक्के, पण 50 च्या बेंचला तेच पाच टक्के होतात, ही उडी मोठी आहे. अर्ध्या किलोच्या दोन प्लेट विकत घ्या, बॅगेत ठेवा, जिममधे नसतात बहुतेक. विशेषतः मुलींना प्रेस आणि बेंचला याचा खूप उपयोग होतो, माझ्याकडच्या दोघीजणी 30 वर अडलेल्या त्या 31, 32 करत आज 36 वर आहेत.

चला, तिकडे मागे एक रॅक आहे, ज्यांनी वह्या आणल्यात ते पुढे या, एकेकाची बघू.