फोटोतले चौघे, पिंजऱ्यातले सहा

जून 2003. नाशिकजवळच्या शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच जणांचे मुडदे पडले. वाचले फक्त आई आणि मुलगा.

दोन दिवसांनी पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिनं चौघांवर बोट ठेवलं. त्या चौघांवर खटला चाललाच नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात आले दुसरेच सहा जण. भटक्या जमातीतले, मोलमजुरी करून पोट भरणारे.

2006 मध्ये सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा सगळ्यांना फाशी सुनावली. त्यातला एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर उघड झालं. आणि 5 मार्च 2019 ला त्याच सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. म्हणजे ज्यांची माणसं मारली गेली, त्या गरीब कुटुंबाच्या पदरातही काहीच पडलं नाही.

गरिबीतून गुन्हे होतात, असं आपण सहज बोलून जातो. गरिबाला गुन्हा किती पटकन चिकटतो, ते कोणी बोलत नाही.

या संशयाला कायद्याचाच आधार होता. 1871 मध्ये इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. सोलापुरात त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची ‘सेटलमेंट’ होती. कुंपणाच्या आत हजेरी आणि बाहेर जायला परवानगी. 31 ऑगस्ट 1952 ला हा कायदा गेला. पण 1959 मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. त्यात जमातीचं नाव नव्हतं. तरी आजही गावात चोरी झाली, की पोलिसांची गाडी आधी पारध्यांच्या पालावर जाते.

पुढे जामिनाचं बघा. कोर्टानं जामीन दिला, तरी बहुतेकदा जामीनदार लागतो. त्याच्याकडे सातबारा, घराची कागदपत्रं असं काहीतरी लागतं. पालात राहणाऱ्यानं असा सोयरा आणायचा कुठून? मग पोरगं आतच राहतं, तारखेमागून तारीख पडत जाते.

सुटलेल्या त्या सहा जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये द्यायला न्यायालयानं सरकारला सांगितलं. सोळा वर्षांवर ते वाटले, तर महिन्याला साधारण 2,600 रुपये पडतात. तपासात कसूर करणारे अधिकारी कोण, ते शोधून कारवाई करण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.