अंगणाला शहाबादी की पोर्सेलिन?

श्रोतेहो, नमस्कार. अंगणात शहाबादी घालायची की पोर्सेलिनची टाइल, हे ठरवायला आपण आधी दुकान गाठतो. खरं तर आधी कुदळ घ्यावी आणि अंगणाची माती बघावी. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट कोबा, म्हणजे काँक्रीटचा थर केला, तर वरची फरशी कितीही महागाची असो, ती हलणारच.

म्हणून दीड ते दोन फूट माती काढून मुरूम भरा. सहा-सहा इंचांचा थर घ्या, पाणी मारा आणि धुम्मसाने नीट ठोका. दहा बाय बाराच्या अंगणाला दीड फूट भराव करायचा, तर मुरूम दबतो हे धरून सव्वादोन ते अडीच ब्रास लागेल; एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. त्यावर चार इंच कोबा. घरापासून बाहेरच्या बाजूला दहा फुटांना दोन इंच ढाळ द्यायचा, आणि तो कोब्यातच द्यायचा. शहाबादीखाली इंच-दीड इंच सिमेंट-वाळूचा माल असतो, त्यामुळे कोबा थोडा चुकला तरी मिस्त्री निभावून नेतो. टाइलखाली चिकटवायचा थर जेमतेम सहा मिलिमीटरचा. तिथे कोब्याचा खड्डा झाकला जात नाही, आणि पोकळ राहिलेल्या जागी मोटरसायकलचा स्टँड टेकला की टाइल फुटते.

आता दगड. कर्नाटकची शहाबादी, राजस्थानचा कोटा आणि आंध्रचा कडप्पा, तिन्ही चुनखडक. अ‍ॅसिड त्यांना खातं. बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग काढायला बाथरूमचं अ‍ॅसिड ओतलं, की डागासोबत दगडाचा वरचा पापुद्राही जातो. लोणच्याचा खार आणि चिंचेचं पाणीसुद्धा डाग पाडतं. खात्री करायची तर पॉलिश केलेल्या कोट्याच्या तुकड्यावर लिंबू पिळा, दहा मिनिटांनी पुसा. तेवढी जागा निस्तेज दिसेल. डागांवर कोरडा ब्रश फिरवा, मग साधं पाणी. तेवढं पुरतं.

शहाबादी घेताना फरशी उभी धरून कड बघा. कडेला केसासारखी भेग दिसली तर ती बाजूला काढा. अशा थरांत खारं पाणी शिरतं, क्षार सुकून फुगतात आणि खवले निघतात. बोटाने टकटक केल्यावर आवाज खणखणीत यायला हवा. तुटफूट धरून दहा टक्के फरशी जास्त घ्या.

जळगाव-भुसावळचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. फरशी किती तापेल हे दगड की टाइल यापेक्षा रंगावर जास्त ठरतं. त्यामुळे उघड्या अंगणात काळा कडप्पा नकोच. पण संध्याकाळी सडा मारून बाज टाकायची सवय असेल, तर खरबरीत शहाबादी बरी. ती थोडं पाणी धरते आणि ते उडताना गारवा येतो. पोर्सेलिनवरून पाणी सरळ ढाळाने निघून जातं.

पोर्सेलिनचा हाच गुण स्वयंपाकघराच्या मागच्या दारी कामाचा. ती अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. तेल, हळद, चटणी पुसली की गेली. बिबड्या-कुरडया वाळवायच्या जागेलाही तीच सोयीची. मात्र घरातली चकचकीत टाइल बाहेर लावू नका, पहिल्या पावसात माणूस घसरेल. खरबरीत पृष्ठभागाची, आर-११ म्हणजे ओल्यातही पाय कमी घसरेल अशा दर्जाची मागा. जाडी पायी वापराला बारा मिलिमीटर, गाडी उभी राहणार असेल तर वीस.

टाइल पाणी शोषत नाही म्हणून सिमेंटची रबडी तिला धरून ठेवत नाही. पॉलिमरचं टाइल अ‍ॅडेसिव्ह लागतं, एकशेवीस चौरस फुटांना वीस किलोच्या साधारण पाच गोण्या. टाइलच्या पाठीवरची पांढरी भुकटी ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर अ‍ॅडेसिव्ह भुकटीला चिकटतं आणि टाइल सुटी राहते. कोब्यावर आणि पाठीवर, दोन्हीकडे लावा. भर उन्हात काम नको, कारण पसरलेल्या थरावर साय धरते. बोट लावून बघा, चिकटलं नाही तर खरवडून नवीन घ्या. शहाबादीचं उलट: फरशी आधी भिजवायची, आणि बसवल्यावर सात दिवस ओली गोणपाटं टाकायची.

आमचा कल विचाराल, तर उघड्या अंगणाला शहाबादी, आणि ओटा व मागचं दार पोर्सेलिनचं. टाइलच्या दरजा, म्हणजे मधल्या फटी, तीन ते पाच मिलिमीटर ठेवा. उघड्यावर दर दहा फुटांना एक दरज कोब्यापर्यंत मोकळी सोडून तिच्यात सिमेंटऐवजी लवचीक सीलंट भरा, भिंतीलगतही तसंच. जागा सोडली नाही तर तापून वाढलेल्या टाइला एकमेकींना रेटतात आणि मध्येच तंबूसारख्या उभ्या राहतात. टाइलची एक पेटी शिल्लक ठेवा आणि तिच्यावरचा बॅच नंबर जपा, कारण नंतर आणलेल्या मालाची छटा जुळेलच असं नाही.