रिकाम्या गाळ्याची किल्ली

नमस्कार श्रोतेहो.

शहराच्या मधोमध एक मुख्य रस्ता असतो. एके काळी तिथं पाय ठेवायला जागा नसे. आता चार पावलं गेलं की एक शटर खाली ओढलेलं, पाटी उतरवलेली, काचेवर जुन्या जाहिरातींचे थर. जगाच्या कितीतरी भागांत अशा पेठांची रया गेली आहे. कारखाना बंद पडला, बायपास झाला, शहराबाहेर मोठा मॉल उभा राहिला, उरलीसुरली खरेदी मोबाइलवर गेली. एक दुकान मिटलं की शेजारच्याचं गिऱ्हाईक तुटतं, मग तोही गाशा गुंडाळतो.

अशा पेठेला कलेच्या आधारानं उभं करायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? भिंतीवरचं भलंमोठं चित्र, रोषणाई, तीन दिवसांचा महोत्सव. हे सगळं छानच असतं, पण महोत्सव संपला की चौथ्या दिवशी शटर खालीच असतं. लोकांनी चालवलेल्या कलासंस्थेचं सर्वांत मोलाचं काम सहसा डोळ्यांना दिसत नाही, असं माझं ठाम मत आहे. ते करारनाम्यात असतं, विम्याच्या कागदात असतं, मालकाच्या मनात हळूहळू बसलेल्या विश्वासात असतं. बंद गाळ्याची किल्ली कुणाच्या हातात जाते आणि तिथं ती किती काळ राहते, यावर बाकी सगळं ठरतं. आज बोलायचं आहे ते या किल्लीबद्दल.

ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या उत्तरेला समुद्रकाठी न्यूकॅसल नावाचं शहर आहे. कोळशाचं बंदर आणि पोलादाचा कारखाना ही त्याची ओळख. २८ डिसेंबर १९८९ रोजी तिथं भूकंप झाला, १३ माणसं गेली आणि मध्यवस्तीतल्या कित्येक इमारतींना तडे गेले. पुढं दहा वर्षांनी, १९९९ मध्ये, पोलादाचा कारखानाही बंद झाला. मुख्य रस्ता म्हणजे हंटर स्ट्रीट. तो ओस पडत गेला. मार्कस वेस्टबरी हा याच गावात वाढलेला आणि कला महोत्सव भरवणारा तरुण. त्यानं या रस्त्यावरून फिरत रिकाम्या इमारती मोजल्या, तेव्हा त्या दीडशेच्या घरात निघाल्या.

त्याला सर्वांत जास्त कोड्यात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. जागा हवी असलेली माणसं गावात होती. दागिने घडवणारे, कपडे शिवणारे, छायाचित्रकार, छपाई करणारे, चित्रपट बनवणारे असे कितीतरी लोक घराच्या गॅरेजमध्ये किंवा माजघरात काम करत होते. इकडं जागा रिकाम्या, तिकडं माणसं जागेविना, आणि दोघांची गाठ काही पडत नव्हती. याचं कारण हिशेबात आणि कायद्यात दडलेलं होतं. मोठ्या मालकाला भाडं कमी करणं परवडत नाही, कारण भाडं घटलं की कागदोपत्री इमारतीची किंमतही घटते. त्यापेक्षा जागा रिकामी ठेवलेली त्याला बरी वाटते. शिवाय रीतसर भाडेकरार म्हणजे पाच-दहा वर्षांची बांधिलकी, वकिलाची फी, अनामत रक्कम. विणकाम करणारी बाई हे सगळं कुठून आणणार? आणि उद्या मोठा भाडेकरू आला तर जागा मोकळी होईल की नाही, ही मालकाची धास्ती वेगळीच.

वेस्टबरी आणि त्याच्या सोबत्यांनी २००८ मध्ये ‘रिन्यू न्यूकॅसल’ ही ना-नफा संस्था काढली. इमारत विकत घेण्याएवढे पैसे त्यांच्याकडं नव्हतेच. त्यांनी मालकापुढं भाडेकराराऐवजी परवान्याचा कागद ठेवला. आपण ज्याला लीव्ह अँड लायसन्स म्हणतो, त्याच्याही कितीतरी हलका. जागेवर कसलाही हक्क निर्माण होत नाही, महिनाभर आधी सांगितलं की जागा मोकळी, तोपर्यंत झाडलोट, देखभाल आणि विम्याची काळजी संस्थेची. मालकाचं नुकसान काहीच नाही. उलट उघडं, दिवा लागलेलं दुकान बंद दुकानापेक्षा लवकर भाड्यानं जातं. तीच जागा संस्था पुढं कलावंताला नाममात्र शुल्कावर द्यायची. अट अशी की तिथं काहीतरी घडलं पाहिजे, दार लोकांसाठी उघडं पाहिजे.

या व्यवस्थेत संस्थेची जागा कुठं आहे ते पाहा. एकट्या कुंभारकाम करणाऱ्या माणसाशी बोलायला बड्या मालमत्ता कंपनीला वेळ नसतो. कंपनीच्या वकिलाची भाषा कुंभाराला कळत नाही. मध्ये एक नाव असलेली, नोंदणी झालेली, विमा उतरवलेली संस्था उभी राहिली की दोघांनाही धीर येतो. मालकाला वीस अनोळखी माणसांऐवजी एकाशीच व्यवहार करायचा असतो. कलावंताला वकील शोधावा लागत नाही. वायरिंग तपासून घेणं, कुलूप बदलणं, आग विझवायचं सिलिंडर भरून घेणं, अर्ज चाळणं, एखाद्याचं जमत नसेल तर त्याला जागा सोडायला सांगणं ही कामं कुणाला कलेची वाटणार नाहीत. मला ती कलेचीच वाटतात, कारण त्यांच्याविना तालीम होत नाही आणि प्रदर्शनही लागत नाही.

हंटर स्ट्रीटवर बदल दिसू लागला तो हळूहळू. काही उपक्रम दोन महिन्यांत गुंडाळले गेले, काही टिकले, काही इतके वाढले की त्यांनी रीतसर भाड्यानं जागा घेतल्या. ‘लोनली प्लॅनेट’ या पर्यटन प्रकाशनानं २०११ साठी जगातल्या दहा उत्तम शहरांची यादी काढली, तीत न्यूकॅसलचं नाव आलं. रिन्यू न्यूकॅसलनं २०१९ मध्ये आपलं काम थांबवलं. मध्यवस्तीत बांधकामांचा जोर होता, नवी ट्राम सुरू झाली होती. ज्या रिकामेपणावर तिचं काम चालत होतं, तोच आटत गेला होता.

आता कुणी विचारेल, कलावंतच कशाला? तेवढ्याच सवलतीत तिथं किराणा दुकान का नको? प्रश्न रास्त आहे. जी वस्तू घरबसल्या मागवता येते, तिच्यासाठी लोक पुन्हा पेठेत येणार नाहीत, हे आता मान्य करायला हवं. शिकायला, तालमीला, ऐकायला, हातानं काही करून पाहायला मात्र घराबाहेर पडावंच लागतं. दर गुरुवारी संध्याकाळी तीस-चाळीस माणसं समूहगानाच्या सरावाला येऊ लागली की त्या गल्लीत दिवे लागतात, त्यातली काही चहाला थांबतात, बायका अंधारातही तिथून निर्धास्त जातात. अपुऱ्या, पडक्या, अनिश्चित जागेत काम सुरू करायची तयारीही कलावंतांकडं इतरांहून जास्त असते. पण सवलतीच्या जागेत आलेल्यानं शेजारच्या, पूर्ण भाडं भरणाऱ्या दुकानदाराचा धंदा तोडता कामा नये. संस्थेनं निवड करताना हे पथ्य पाळलं नाही तर पेठेतली जुनी माणसं तिच्या विरोधात जातात, आणि ते योग्यच आहे.

इमारतीच उरल्या नाहीत तर काय, याचं उत्तर न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चनं दिलं. २२ फेब्रुवारी २०११ च्या भूकंपात तिथं १८५ माणसं गेली, आणि शहराच्या मध्यभागातल्या इमारतींचा मोठा हिस्सा नंतर पाडावा लागला. उरली ती रिकामी मैदानं. ‘गॅप फिलर’ नावाची छोटी संस्था आधीच्या सप्टेंबरमधल्या भूकंपानंतरच कामाला लागली होती. तिनं एका मोकळ्या जागेत नाचायची फरशी टाकली आणि बाजूला नाण्यावर चालणारं जुनं कपडे धुण्याचं यंत्र ठेवलं. यंत्रात नाणं टाकायचं, आपला फोन जोडायचा, दिवे आणि स्पीकर सुरू होतात, मग नाचायचं. पुढं स्वयंसेवकांनी माल वाहायच्या ३,००० हून अधिक लाकडी पॅलेट रचून एक तात्पुरतं सभागृह उभारलं. ज्या ठिकाणी आपली माणसं गेली, तिथं पुन्हा पाऊल टाकायला निमित्त लागतं. ते निमित्त एखाद्या सरकारी आराखड्यात सापडलं असतं असं मला वाटत नाही.

इथवर सगळं गोड आहे. कडू भाग यापुढं आहे.

कलावंत आले, रस्ता जागा झाला, लोक फिरकू लागले की जागांचे भाव वाढतात. महिन्याच्या नोटिशीवर मिळालेली किल्ली महिन्याच्या नोटिशीवरच परत द्यावी लागते. ज्यांनी रस्ता जागवला त्यांनाच तिथं राहणं परवडेनासं होतं, आणि त्यांच्यासोबत शेजारचा जुना चांभार, वरच्या मजल्यावरचं भाडेकरू कुटुंब, तेही उठतात. हे कुणाच्या दुष्टपणानं होत नाही. व्यवस्थाच तशी आहे. म्हणून संस्थेनं पहिल्या दिवसापासून विचारायला हवं की उद्या भाव वाढला तर तो कुणाच्या पदरात पडणार.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं फोकस्टन या बाबतीत अभ्यासण्यासारखं आहे. फ्रान्सला जाणाऱ्या बोटींचं हे बंदर. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला, पुढं काही वर्षांत बोटी थांबल्या, आणि बंदराकडं उतरणारी जुनी पेठ मोडकळीला आली. रॉजर डी हान या उद्योजकाच्या पुढाकारानं २००२ मध्ये तिथं एक कलासंस्था सुरू झाली, तिचं आजचं नाव ‘क्रिएटिव्ह फोकस्टन’. तिनं वाट निराळी धरली. भाव पडलेले असतानाच डी हान यांच्या धर्मादाय न्यासाच्या पैशातून जुन्या पेठेतल्या इमारती एकेक करून घेतल्या गेल्या, दुरुस्त झाल्या आणि दीर्घ मुदतीनं संस्थेच्या ताब्यात आल्या. आज सुमारे ९० इमारती तिच्याकडं आहेत. त्यात खाली दुकानं आणि स्टुडिओ, वर राहायची घरं. भाडं किती घ्यायचं ते संस्था ठरवते आणि आलेलं भाडं पुन्हा त्याच इमारतींत लागतं.

२००८ पासून तिथं दर काही वर्षांनी मोठं प्रदर्शन भरतं, संपल्यावर त्यातल्या काही कलाकृती गावातच ठेवल्या जातात. २०१४ च्या प्रदर्शनात मिखाएल झाइलश्टोर्फर या जर्मन कलावंतानं बंदराच्या वाळूत सोन्याचे ३० छोटे तुकडे पुरले. ज्याला सापडेल त्याचं सोनं. ओहोटी लागली की कुदळी-फावडी घेऊन शेकडो माणसं किनाऱ्यावर उतरत. पण त्या गर्दीइतकंच महत्त्व मी त्या इमारतींच्या कागदांना देतो.

फोकस्टनमध्येही घरांचे भाव चढले आणि संस्थेच्या इमारतींबाहेर राहणाऱ्यांना त्याची झळ बसली, हे सांगायलाच हवं. शिवाय २००९ च्या अखेरीस लंडनला तासाभराच्या आत पोहोचवणारी वेगवान रेल्वे सुरू झाली, तिचाही वाटा मोठा. एकट्या कलेनं शहर उभं राहत नाही. स्पेनमधल्या बिल्बाओचं उदाहरण नेहमी दिलं जातं. १९९७ मध्ये तिथं गुगनहाइम संग्रहालय उघडलं आणि शहराचं नशीब पालटलं म्हणतात. त्याच काळात तिथं मेट्रो आली, नदीची सफाई चालू होती, जुन्या गोद्यांची जमीन मोकळी होत होती, ते मात्र सांगायचं राहून जातं. बिल्बाओची नक्कल म्हणून एकच दिमाखदार इमारत बांधायला निघालेल्या नगरपालिकांना मी हात जोडून सांगेन, तेवढ्या पैशात शंभर गाळ्यांची छपरं गळायची थांबतील.

मग सुरुवात कुणी करायची? लिव्हरपूलच्या ग्रॅनबी भागात ती रहिवाशांनी केली. हा भाग म्हणजे काही शहराची मुख्य पेठ नाही, पण धडा तोच आहे. घरं वर्षानुवर्षं रिकामी, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. मागं राहिलेल्या मोजक्या लोकांनी, त्यात बायका पुढं होत्या, फळ्यांवर पडदे आणि फुलदाण्या रंगवल्या, रस्त्यात कुंड्या मांडल्या, दर महिन्याला बाजार भरवायला घेतला. २०११ मध्ये त्यांनी जमिनीचा सामुदायिक न्यास, म्हणजे जमीन आणि घरं वस्तीच्या सामाईक मालकीची ठेवणारी संस्था, केला आणि दहा घरांचा ताबा मिळवला. ‘असेम्बल’ हा तरुण वास्तुकारांचा गट नंतर आला. त्यांनी घरं दुरुस्त करायला मदत केली, पाडकामातल्या दगडविटांच्या चुऱ्यापासून घरातल्या शेकोटीच्या चौकटी बनवणारी कार्यशाळा सुरू केली, आणि २०१५ मध्ये समकालीन कलेसाठीचा ब्रिटनचा टर्नर पुरस्कार मिळवला. क्रम लक्षात घ्या. कुंड्या आधी, न्यास मग, पुरस्कार शेवटी.

तुमच्या शहरात कुणी असं काही करू पाहत असेल तर पहिली दोन-चार कामं कंटाळवाणी आहेत. रस्त्यावरून चालत जाऊन प्रत्येक बंद गाळा वहीत टिपायचा. मालक कोण ते नोंदणीच्या दप्तरातून काढायचं. पुष्कळदा मालक परगावी असतो, कधी भावंडांत वाद असतो, कधी बँकेचा बोजा असतो. दहा पत्रं पाठवली की एखाद्याचं उत्तर येतं. तो एक गाळा इतका नीट चालवायचा की मालकानं स्वतःहून शेजाऱ्याला सांगावं. कलावंतांशी बोलायच्या आधी आजूबाजूच्या दुकानदारांशी आणि वर राहणाऱ्या कुटुंबांशी बोलायचं, कारण रात्रीचा तबला त्यांनाच ऐकू येणार आहे. मालक नव्या करारासाठी खुशीत असेल तेव्हाच, भाव वाढायच्या आत, एक तरी इमारत दीर्घ मुदतीनं मागून घ्यायची.

आणि अनुदान देणाऱ्या संस्थांकडं माझं एक मागणं आहे. तुम्ही कार्यक्रमाला पैसे देता. मंडपाला, छपाईला, मानधनाला. अहवालात विचारता, प्रेक्षक किती आले. त्याऐवजी किल्ल्यांचा जुडगा सांभाळणाऱ्या एका माणसाचा सलग पाच वर्षांचा पगार द्या. गाळ्यांच्या यादीसाठी, वायरिंगसाठी, विम्याच्या हप्त्यासाठी द्या. अहवालात विचारा की वर्षाच्या सुरुवातीला किती शटर खाली होती आणि शेवटी किती, उघडलेल्या दारांपैकी किती गावातल्याच माणसांची आहेत, आणि गेल्या वर्षीचा भाडेकरू यंदा त्याच जागेत आहे का. नमस्कार.