खेळातलं ओ की ठो न कळणाऱ्यांसाठी

मंडळी, क्रीडा विषयावर व्याख्यान ठेवलं की पहिल्या रांगेत जाणकार येऊन बसतात. त्यांचं स्वागत आहे, पण आजचा विषय त्यांच्या शेजारी बसलेल्यांचा आहे. मॅच पाहायला घरच्यांनी ओढून नेलेले, सगळे उठले की उठणारे, सगळे बसले की बसणारे आणि नेमकं सगळे गप्प असताना टाळी वाजवणारे, असे जे लोक असतात त्यांचा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या लोकांना बुद्धी कमी असते असं मला अजिबात वाटत नाही. उलट, रोजच्या व्यवहारात खणखणीत चालणारी अक्कल ते मैदानावर घेऊन जातात आणि तिथेच फसतात.

आता हेच बघा. जास्त ते चांगलं, हे आपण लहानपणापासून शिकतो. मार्क जास्त चांगले, पगार जास्त चांगला, धावा जास्त चांगल्या. ही शिदोरी घेऊन एखादा बिचारा साहेबांबरोबर गोल्फ पाहायला जातो. साहेबांनी एका होलला नऊ फटके घेतलेले असतात, समोरच्याचे चारात आटपलेले असतात. हा मनापासून म्हणतो, “वा सर, दुपटीनं पुढे आहात!” गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याचं गणित चोख होतं, फक्त खेळ वेगळा होता.

टाळ्यांचंही तसंच. आपल्या माणसाला गुण मिळाला की टाळी वाजवावी, यात चूक काय? पण टेनिसमध्ये समोरच्याची लागोपाठ दुसरी सर्व्हिस चुकली, म्हणजे डबल फॉल्ट झाला, आणि तुम्ही खुशीत टाळ्या पिटल्या, तर आजूबाजूच्या माना अशा वळतात की शाळेतले गुरुजी आठवावेत. गुण तुमच्याच खेळाडूला मिळालेला असतो बरं का! पण दुसऱ्याच्या चुकीवर टाळी वाजवणं तिथे असभ्य. स्नूकरच्या सामन्यात खोकला आला तरी गिळायचा. आणि या शिस्तीत तयार झालेला माणूस डार्ट्सच्या, म्हणजे फळीवर बाण फेकायच्या गोंगाटी स्पर्धेला जाऊन हाताची घडी घालून गप्प बसला, तर तिथे त्यालाच विचारतात, “बरं वाटत नाहीये का?”

फुटबॉलमध्ये स्वयंगोल नावाचा एक प्रकार आहे. बचाव करताना चेंडू आपल्याच जाळ्यात जातो आणि मोठ्या पडद्यावर त्या खेळाडूचं नाव झळकतं. नवखा प्रेक्षक ते नाव वाचतो, लक्षात ठेवतो आणि मध्यंतरात त्याच संघाच्या कट्टर चाहत्याला सांगतो, “तुमचा तो पाच नंबरवाला फार आवडला मला. गोल काय मारला हो!” चाहत्याच्या चेहऱ्याचं वर्णन मी करत नाही.

आणि कसोटी क्रिकेट. पहिल्या दिवशी संध्याकाळी “कोण जिंकलं?” असा अत्यंत रास्त प्रश्न विचारणाऱ्याला लोक हसतात. पाच दिवस खेळून कुणीच जिंकलं नाही, असंही होऊ शकतं, हे त्याला कसं पटावं? अशा वेळी मी त्याला धीर द्यायला 1939 सालची डर्बनची कसोटी सांगतो. निकाल लागेपर्यंत खेळायचंच, असं ठरवून दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड 3 मार्चला मैदानात उतरले. 14 मार्च उजाडला. इंग्लंडला जिंकायला 696 हव्या होत्या, त्यांच्या 5 बाद 654 झाल्या होत्या, आणि मग पाहुण्यांची परतीची बोट चुकू नये म्हणून सामना अनिर्णित सोडून देण्यात आला. निकालासाठीच ठेवलेला सामना! हे ऐकल्यावर “कोण जिंकलं?” विचारणारा आपल्याकडे ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेला माझ्याकडे तरी उत्तर नाही.

इथपर्यंतच्या फजित्या निरागस आहेत. हसायचं आणि सोडून द्यायचं. खरी मजा पुढे येते, माणूस माहिती असल्याचा आव आणतो तेव्हा. कारण खेळाच्या गप्पा या पुष्कळदा खेळाबद्दल नसतातच. लिफ्टमध्ये, मुलाखतीआधी, नव्या ओळखीत त्या हवापाण्याच्या गप्पांसारख्या असतात. ‘तुम्ही आमच्यातले का?’ एवढंच त्यातून विचारलेलं असतं, आणि तिथे “मला काही कळत नाही” म्हणायला जीभ रेटत नाही. मग माणूस दोन-तीन बेतीव वाक्यं जवळ बाळगतो. “शेवटी प्रेशर असतं हो.” “आधीची टीम वेगळीच होती.” ही वाक्यं कुठल्याही खेळाला, कुठल्याही निकालाला चालतात. अडचण फक्त समोरच्यानं पुढचा प्रश्न विचारला की होते.

“कालचा शेवट पाहिलात?”

“काय शेवट होता!”

“तुम्हाला तो नो-बॉल वाटला?”

“शंभर टक्के! गोलकीपरनं हात वर केला तेव्हाच मी म्हटलं.”

यातला ‘शंभर टक्के’ महत्त्वाचा. ज्याला खरंच कळतं तो “रिप्ले बघायला हवा” म्हणतो.

राजकारण्यांना तर हा आव आणावाच लागतो, त्यांचा नाइलाज असतो. ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन स्वतःला ॲस्टन व्हिला या फुटबॉल क्लबचे चाहते म्हणवत. 2015 च्या निवडणूक प्रचारात एप्रिल महिन्यात ते भाषणाच्या ओघात म्हणून गेले की तुम्ही वेस्ट हॅमला पाठिंबा दिलात तर मला जास्त आवडेल. दोन्ही क्लबांच्या जर्सीचे रंग सारखेच, गडद लालसर आणि आकाशी; पण चाहत्याला म्हणून काही क्लब बदलता येतो का? एकाच वाक्यात अनेक वर्षांचं प्रेम उघडं पडलं. नंतर त्यांनी डोकं चाललं नाही, अशी कबुली दिली. पुढच्याच महिन्यात त्यांचा पक्ष बहुमतानं निवडून आला हे खरं, पण फुटबॉलचा विषय निघाला की लोक अजून वेस्ट हॅमची आठवण काढतात.

याच्या अगदी उलट रशियाची टेनिसपटू मारिया शारापोव्हा. 2014 च्या विम्बल्डनमध्ये तिचा सामना बघायला सचिन तेंडुलकर आले होते. पत्रकारांनी विचारलं, सचिनला ओळखता का? ती सरळ “नाही” म्हणाली. आव नाही, बेतीव वाक्य नाही. तरीही समाजमाध्यमांवर क्रिकेटप्रेमी तिच्यावर अक्षरशः तुटून पडले. जिच्या देशात क्रिकेट फारसं कुणी खेळत नाही, तिनं काय ओळखपरेड द्यायची? त्या प्रकरणात फजिती झाली ती चाहत्यांचीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता पहिल्या रांगेकडे वळतो. जाणकारहो, तुम्हीही यातून सुटत नाही. 2003 च्या विश्वचषकात डर्बनलाच दक्षिण आफ्रिका आणि श्रीलंका यांचा सामना होता. आभाळ भरून आलेलं. पाऊस आला तर किती धावा पुरेशा, याचा डकवर्थ-लुईसचा तक्ता यजमानांच्या हातात होता. फलंदाज मार्क बाउचरला निरोप गेला की 229 झाल्या की झालं. त्यानं मुरलीधरनला षटकार ठोकून 229 केल्या आणि षटकाचा शेवटचा चेंडू शांतपणे तटवून काढला. धाव घेतलीच नाही, गरजच काय? पाऊस आला, खेळ थांबला, आणि मग कळलं की 229 म्हणजे बरोबरी, जिंकायला 230 हव्या होत्या. यजमान संघ पहिल्याच फेरीत घरी बसला. तक्ता वाचणारे काही मॅचला ओढून आणलेले पाहुणे नव्हते.

अमेरिकन फुटबॉलमधला डोनोव्हन मॅकनॅब हा नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू. 2008 साली त्याचा सामना 13-13 असा बरोबरीत सुटला, तेव्हा तो पत्रकारांना म्हणाला की सामना असाही संपू शकतो हे मला माहीतच नव्हतं. व्यावसायिक खेळाडू म्हणून त्याचा तो दहावा मोसम होता.

आणि शेवटी, ज्याची तुम्ही सगळे वाट बघताय तो ऑफसाइड. हा नियम समजावून सांगायची हौस नसलेला फुटबॉलप्रेमी मी पाहिलेला नाही. कुणी विचारायचा अवकाश, तो टेबलावरची मिठाची बाटली पुढे ओढतो. ही बाटली म्हणजे बचावपटू. हा चमचा म्हणजे आपला फॉरवर्ड. पेला म्हणजे गोलकीपर. चेंडू म्हणून कुणाची तरी गोळ्यांची डबी. “पास देण्याच्या क्षणी हा चमचा शेवटच्या डिफेंडरच्या पुढे असला की ऑफसाइड. संपलं! यात अवघड काय आहे?”

समोरची बाई जरा वेळ टेबलाकडे बघते. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. ती बोटानं पेला उचलते, बाटलीच्या पुढे आणून ठेवते आणि विचारते, “आणि गोलकीपरच पुढे आला असेल तर?”

मंडळी, नियमात ‘शेवटचा डिफेंडर’ असं काही नाहीच. प्रतिस्पर्ध्यांपैकी शेवटून दुसरा कोण, ते बघायचं. एरवी शेवटचा गोलकीपर असतो म्हणून चाहत्यांचं भागतं. 11 जून 2010 ला, विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात, दक्षिण आफ्रिकेचा गोलकीपर असाच पुढे आलेला होता. मागे एकच बचावपटू उरला. मेक्सिकोच्या कार्लोस वेलानं चेंडू जाळ्यात मारला आणि पंचांनी ऑफसाइड देऊन तो गोल नाकारला. गोललाइनवर माणूस उभा दिसतोय तर ऑफसाइड कसला, म्हणून जगभरचे जाणकार पंचांच्या नावानं ओरडले. पंच बरोबर होते.

टेबलावरचे आपले तज्ज्ञ मात्र अजून पेल्याकडे बघतायत. थोड्या वेळानं ते तो उचलतात, त्यातलं पाणी पितात आणि म्हणतात, “असं सहसा होत नाही.”